प्रियाच्या आरशात आम्ही

गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, पासबुकं भरून झाली आणि मग आम्ही सगळ्याजणींनी बसून चक्क एक चित्रकथा वाचली. हसू नका! आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजात आहे. तिनं ती मोबाईलवर फुकटात उतरवून घेतली होती. कथा हिंदीत. ती वाचत गेली आणि अडेल तिथं मराठीत सांगत गेली. नाव 'प्रियाज मिरर', म्हणजे प्रियाचा आरसा.

प्रिया आमच्या ओळखीची आहे. तिची पहिली कथा, 'प्रियाज शक्ती', २०१४ साली आली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर लोक रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी तिथं असलेल्या राम देविनेनी या चित्रपट करणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचली. प्रिया खेड्यातली पोर. तिच्यावर अत्याचार होतो आणि घरचे तिलाच दोष देऊन बाहेर काढतात. रानात वाघ मागं लागतो. पण पार्वतीमातेच्या बळानं ती वाघाच्या समोर उभी राहते आणि तोच वाघ तिचं वाहन होतो. वाघाचं नाव साहस. सिनेमातले वीर ठोसे मारतात. आमची प्रिया आधी स्वतःच्या भीतीला जिंकते, म्हणून ती आम्हाला आवडते.

दुसरी कथा २०१६ ची. लिहिली पारोमिता व्होरा आणि देविनेनी यांनी, चित्रं डॅन गोल्डमन यांची. यात प्रिया अ‍ॅसिड हल्ला झालेल्या बायकांना भेटते. त्या अहंकार नावाच्या राक्षसाच्या ताब्यात आहेत. राक्षसाचं नावच सगळं सांगतं. नकार ऐकून ज्याचा अहंकार दुखावतो, तोच बाटली उचलतो ना? प्रिया त्या बायकांपुढं प्रेमाचा आरसा धरते. त्यात त्यांना व्रणांच्या पलीकडची आपण दिसते आणि मग त्या बाहेर पडायला तयार होतात.

आम्हाला कथा आवडली. पण एक गोष्ट खटकली, तीही सांगतो. सगळं फार लवकर होतं. आरसा धरला की हिंमत आली! खऱ्या आयुष्यात दवाखान्याच्या चकरा असतात, कोर्टाच्या तारखा असतात आणि गावाची नजर असते.

हे बोलणं चाललं असताना मागं बसलेली आमची एक मैत्रीण बोलली. तिच्या परवानगीनंच सांगतोय. तिच्यावर कुणी हल्ला केलेला नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी स्टोव्हचा भडका उडाला आणि एक गाल, मान भाजली. ती म्हणाली, "आरसा माझ्या घरी आहेच की. त्याचा मला त्रास नाही. तुम्ही माझ्याकडं बघता आणि लगेच नजर काढून घेता, त्याचं काय?"

कुणालाच बोलता येईना. मग आम्ही आमचंच प्रोसिडिंग चाळलं. सात वर्षांत तिला एकदाही बँकेत सहीला पाठवलेलं नाही. सचिव केलेलं नाही. दहावी झालेली, व्याजाचा हिशोब आमच्यात सगळ्यात पक्का, तरी नाही. तिला त्रास नको, असं आम्ही म्हणत होतो. खरं तर त्रास आम्हाला होत होता. राक्षस काही फक्त गोष्टीत नसतो, मैत्रिणींनो.

या महिन्यापासून ती सचिव आहे. तिनं अट घातली, "बँकेत माझी गोष्ट कुणाला सांगायची नाही. मी सहीला आलेय, एवढंच." मान्य!

आता कामाच्या चार गोष्टी लिहून ठेवा. कुणावर अ‍ॅसिड फेकलं गेलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धूत राहा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. तसंच दवाखान्यात न्या. सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यानं अशा रुग्णाला मोफत उपचार द्यायचे, असा कायदा आहे. अ‍ॅसिडनं गंभीर इजा करणाऱ्याला किमान १० वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंतही शिक्षा होते. आपल्या राज्यात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं. कायद्याच्या मोफत सल्ल्यासाठी १५१००, महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२. दुकानात ओळखपत्र न बघता, नोंद न करता कुणी अ‍ॅसिड विकत असेल तर ग्रामसंघात विषय घ्या.

आणि ही चित्रकथा गटात नक्की वाचा. वाचून झाली की मागच्या रांगेत कोण बसलंय ते बघा. बघाल तेव्हा नजर काढून घेऊ नका. नमस्कार.