मुलांना आकाश शिकवताना



मुलांना अग्निबाण आणि अवकाशप्रवास कसा शिकवावा, याविषयी बोलण्याची आज्ञा चालकांनी केली, तेव्हा मला प्रथम आठवली ती माझीच एक चूक. तिच्यापासूनच आरंभ करतो.

नववीच्या वर्गात मी एकदा सांगून गेलो की, 400 किलोमीटर उंचीवरच्या अवकाशस्थानकात माणसे तरंगतात, कारण तेथे गुरुत्वाकर्षण नसते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, गुरुत्वाकर्षण नाही, तर ते स्थानक पृथ्वीभोवती फिरते कशाने? निघून का जात नाही?" घंटेला पाचच मिनिटे उरली होती. मी म्हणालो, "खाली बस. परीक्षेत एवढेच विचारतात."

ती बसली. बरोबर तिचे होते!

रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. पृथ्वीची त्रिज्या सुमारे 6,370 किलोमीटर. तिच्यात 400 मिळवल्याने असा काय फरक पडणार? तेथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या मानाने शेकडा 88 भरते. मग माणसे तरंगतात कशी? तर ती पडत असतात, आणि त्यांचे घरही त्यांच्याबरोबर तितक्याच वेगाने पडत असते. पायांखालची जमीनच पडते आहे, तर पाय टेकणार कोठे? ते स्थानक एका सेकंदात सुमारे 7.7 किलोमीटर आडवे धावते आणि तेवढ्यात सव्वाचार मीटरांहून थोडे अधिक खाली येते. पण पृथ्वी गोल. तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. पडणे चालूच राहते, जमीन मात्र जवळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक पत्र्याचा डबा नेला. बुडाशी, बाजूला खिळ्याने दोन भोके पाडली, मुलांना पटांगणात उभे केले आणि पाण्याने भरलेला डबा वरच्या गॅलरीतून बाहेर धरला. हातात होता तोवर भोकांतून धारा लागल्या होत्या. सोडला मात्र, धारा थांबल्या! डबा खाली आपटेपर्यंत थेंब गळला नाही. गुरुत्वाकर्षण तर जागच्या जागी होते, त्यानेच डबा खाली ओढला. पण पाणी आणि डबा बरोबर पडत असल्याने पाण्याचा भार भोकावर येईना. काल मी चुकीचे सांगितले, हे मी डबा सोडण्याआधीच कबूल केले होते. शिक्षकाला ते जड जाते खरे. मुलांना त्याचे फारसे काही वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

अशी चूक करणारा मी एकटाच नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड हे अग्निबाण चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे म्हणाले, तेव्हा 1920 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात त्यांची थट्टा केली: निर्वात पोकळीत रेटा द्यायला हवाच नाही, मग बाण पुढे जाईल कसा? शाळेतले विज्ञानही यांना ठाऊक नाही, असा टोलाही हाणला. 17 जुलै 1969 रोजी, माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, त्या पत्राने चूक दुरुस्त केली. गोडार्ड 1945 सालीच वारले होते. आपली मुलेही नेमके हेच समजतात, की दिवाळीतला बाण मागच्या हवेला ढकलून उडतो. त्यांना रागावू नका. बाण ढकलतो तो आपल्याच पोटातल्या वायूला, आणि वायू उलट बाणाला. सुतळीत ओवलेल्या नळीला फुगलेला फुगा चिकटवून सोडला, की निदान बोलायला सुरुवात होते.

23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 उतरले, तेव्हापासून स्नेहसंमेलनांत चिमुरडी मुले तारखा आणि वजने घडाघडा म्हणतात, आणि पालक टाळ्या देतात. मीही देतो. पण त्या मुलीची गोष्ट अजून संपलेली नाही. डबा पडला, सारे हसले, आणि तिने पुन्हा हात वर केला. "सर, मग चंद्रसुद्धा पडतोच आहे का?"

मी तिला खडू दिला. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या 60 पट, म्हणून ओढ 3,600 पट कमी. झाडावरचे फळ पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडते. त्याला 3,600 ने भागायचे. दशांशचिन्ह एकदा चुकले, मग जमले. चंद्र दर सेकंदाला पृथ्वीकडे सुमारे 1.4 मिलिमीटर पडतो.