परसातला माड आणि गावाचा भुंगा



विजयदुर्ग आणि गिर्ये-रामेश्वरचा परिसर हापूसच्या बागांसाठी सर्वदूर ओळखला जातो. तथापि येथील घराचे खरे निकटचे झाड म्हणजे माड होय. नारळ, शहाळे, झाप, सुंभ, हिराची केरसुणी अशी संसारातील कितीतरी गरज तो भागवितो. हापूसच्या बागेला राखण असते, फवारणीचे वेळापत्रक असते. परसातील चार-दोन माडांकडे मात्र पाडेली नारळ उतरविण्यास आला म्हणजेच लक्ष जाते. त्यामुळे माडाला लागलेली कीड फार उशिरा ध्यानात येते. लावल्यापासून फळास येईपर्यंत ज्याला सहा-आठ वर्षे जपावे लागते, असे झाड डोळ्यांदेखत जाते आणि त्याची जागा भरून निघण्यास तितकीच वर्षे लागतात.

कीड ओळखावी कशी?

माडाचे दोन प्रमुख शत्रू आहेत. पहिला गेंडा भुंगा. हा काळा, चकचकीत, दीड ते दोन इंच लांबीचा असून त्याच्या डोक्यावर शिंग असते. रात्री उडून तो शेंड्यात शिरतो आणि न उलगडलेले कोवळे पान पोखरतो. पुढे ते पान उलगडते तेव्हा कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. पानांच्या बेचक्यात चघळलेल्या तंतूंचा भुसा आढळला तर भुंगा आत आहे असे समजावे. मोठ्या माडाला वर्षाकाठी सुमारे बारा पाने येतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय असते. ती पोयच पोखरली गेली तर एक संपूर्ण घड हातचा जातो. रोप लहान असेल तर कोंबच मरण्याचे भय असते.

दुसरा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. हा तांबूस रंगाचा व लांब सोंडेचा असतो. त्याची मादी झाडावरील जखमेत अंडी घालते आणि बिनपायांच्या अळ्या खोडाचा गाभा आतून खातात. पाच ते वीस वर्षांच्या झाडांना याचा उपद्रव विशेष होतो. खोडावर लहान भोके, त्यांतून पाझरणारा तांबूस चिकट द्रव आणि बाहेर आलेले तंतू ही त्याची लक्षणे होत. खोडाला कान लावल्यास आत कुरतडल्याचा आवाजही येतो. शेंडा कोमेजून कलल्यावर मात्र इलाज उरत नाही.

या दोहोंचा परस्परसंबंध आहे. गेंडा भुंगा सहसा मोठा माड मारीत नाही. पण त्याने केलेली जखम सोंड्या भुंग्याला वाट करून देते. म्हणून पहिल्याचा बंदोबस्त हाच दुसऱ्याला अटकाव करण्याचा आरंभ होय.

भुंगा जन्मतो कोठे?

गेंडा भुंगा माडावर दिसत असला तरी त्याचा जन्म माडावर होत नाही. शेणखताची गायरी, कुजलेला पालापाचोळा आणि सडत पडलेले माडाचे खोड या ठिकाणी मादी अंडी घालते. पांढरट, अर्धवर्तुळाकार वळलेल्या अळ्या त्या खतावर तीन ते सहा महिने पोसतात, कोषात जातात आणि भुंगा होऊन उडतात. पावसाळ्यात त्यांची संख्या विशेष वाढते. हा भुंगा वईकुंपण जाणीत नाही. एका घरची गायरी उपसली गेली नाही तर शेजारच्या घरचा माड पोखरला जातो. एकट्या घरमालकाचे औषधपाणी अपुरे पडते ते याच कारणाने.

उपाय

शेंड्यात शिरलेला गेंडा भुंगा लोखंडी आकड्याने ओढून काढावा आणि भोकात वाळू भरावी. कोवळ्या पानांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून वर्षातून तीन वेळा भरावी. लहान झाडांच्या बेचक्यांत तीन-चार डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू टाकावी व दीड महिन्याने त्या बदलाव्यात. गायरीतील खत सहा महिन्यांच्या आत उपसावे, वर-खाली करावे आणि सापडलेल्या अळ्या नष्ट कराव्यात. मेटारायझियम ही हिरवी बुरशी गायरीत मिसळल्यास अळ्या रोग होऊन मरतात.

सोंड्या भुंग्यासाठी जखम टाळणे हाच खरा प्रतिबंध होय. चढण्यासाठी खोडावर खाचा पाडू नयेत. हिरवी झावळी तोडणे अटळच असेल तर सुमारे एक मीटर देठ राखून तोडावी. औषधांविषयी सावधगिरी हवी. पूर्वी सर्रास वापरले जाणारे कार्बारिल केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशाने बंद झाले, तर फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. जुन्या सवयीने किंवा ऐकीव माहितीवर औषध न वापरता सहायक कृषी अधिकारी किंवा रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा.

गावाने करावयाचे काम

हा भुंगा १९०९ साली रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेतून पॅसिफिकमधील सामोआ बेटांवर पोचला आणि त्याने तेथील माडांची दैना केली. पुढे १९६७ साली भुंग्याला रोग आणणारा विषाणू तेथे सोडण्यात आला, तेव्हा त्याचा जोर ओसरला. गुआम बेटावर तो २००७ साली आढळला. तेथील भुंग्यांना हा विषाणू बाधेना. तेथे खताच्या ढिगांवर मासेमारीचे बारीक जाळे पसरण्याचा उपाय पुढे आला. अंडी घालण्यास येणारे आणि खतातून बाहेर पडणारे भुंगे त्या जाळ्यात अडकतात. विजयदुर्गसारख्या मच्छीमारांच्या गावात निकामी जाळ्यांची वाण नाही. ती गायरीवर अंथरण्यास खर्च नाही. रोज सकाळी अडकलेले भुंगे काढण्याचे श्रम तेवढे आहेत.

गंध सापळ्यांची गोष्टही अशीच आहे. गेंडा भुंग्यासाठी दोन हेक्टरांस एक व सोंड्या भुंग्यासाठी हेक्टरी एक असे त्यांचे प्रमाण आहे. काही गुंठ्यांच्या परसात एकट्याने सापळा लावल्यास उलट आसपासचे भुंगे तेथे ओढले जातात. सापळे संपूर्ण वाडीचे मिळून, माडांपासून दूर लावणे हेच योग्य.

सर्वांत अवघड प्रश्न बंद घरांचा आहे. कुटुंब मुंबईला, घराला कुलूप आणि परसात मेलेल्या माडाचे खोड उभे, असे चित्र कोकणातील अनेक वाड्यांत दिसते. ते खोड भुंग्यांचे पाळणाघर ठरते. परक्याच्या आवारात शिरून ते तोडण्यास शेजारी धजत नाही आणि मालकाला त्याची कल्पना नसते. येथे ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा. अशा घरांची यादी करून मालकांची लेखी संमती मिळवावी. मे महिन्यात व गणेशोत्सवात चाकरमानी गावी येतात, तेव्हा खोडे तोडून त्यांची विल्हेवाट लावून घ्यावी. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतल्यास पावसापूर्वी गायऱ्या उपसण्याचे कामही वेळेत होईल. शिक्षकांनी मुलांना कापलेले पान आणि गायरीतील अळी प्रत्यक्ष दाखविली तर प्रत्येक घरात एक जाणता पहारेकरी तयार होईल.

माड ज्याचा त्याचा असला तरी भुंगा साऱ्या गावाचा आहे, ही गोष्ट ज्या वाडीच्या ध्यानी येईल, तेथील माड पुढच्या पिढीलाही नारळ देतील.