शाकाहारी घरातील मुलांचे कोलेस्टेरॉल
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, वैद्य नव्हे. तरीही या मंगल प्रसंगी हा विषय निवडला, त्यास कारण आहे. माझे वडील ऐन ४६व्या वर्षी हृदयविकाराने गेले. कांदा-लसूणही न खाणाऱ्यास कोलेस्टेरॉल कसले, असे मानून आम्ही कर्मगतीला दोष दिला. पुढे ते माझ्या रक्तात वाढलेले निघाले आणि गतवर्षी माझ्या १० वर्षांच्या नातवाच्याही. तेव्हा भ्रम फिटला.

कोलेस्टेरॉल केवळ आहारातून येत नाही. आपले यकृतही ते तयार करते. काही घराण्यांत रक्तातील अपायकारक एलडीएल दूर करण्याची शक्ती जन्मतःच कमी असते. सुमारे २५० माणसांत एकास हा आनुवंशिक दोष असतो. आई वा वडिलांत तो असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मूल सडपातळ असते, हसते-खेळते. रक्त तपासल्यावाचून काही कळत नाही.

दुसरा दोष ट्रायग्लिसराइडचा. केंद्र शासनाच्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील सुमारे एक तृतीयांश मुलांत ते अधिक आढळले; महाराष्ट्रात सुमारे १९ टक्के मुलांत. साखर, मैदा व बैठी सवय ही त्याची प्रमुख कारणे. शेव-फरसाण, बिस्किटे, शीतपेये शाकाहारीच असतात, हे आपण विसरतो.

उपाय आपल्या आचारातच आहेत. चौविहाराने रात्रीचे खाणे टळते. ऊनोदरी मिताहार शिकवते. मूग-मटकी, ज्वारीची भाकरी, फळे आणि रोज तासभर मैदानी खेळ हवा. मात्र वाढत्या वयातील मुलांना परस्पर उपवास घडवू नयेत, दूध-तूप सर्वस्वी तोडू नये. आनुवंशिक दोषात पथ्य पुरत नाही. साधारण आठ-दहा वर्षांपासून तज्ज्ञ डॉक्टर औषध देतात. ते टाळू नये.

माझी विनंती एकच. ज्या घरात कोणी तरुण वयात हृदयविकाराने गेले असेल, त्यांनी मुलांची लिपिड तपासणी अवश्य करावी. दिवाळीला आपण वहीचा ताळेबंद पाहतो. मुलांच्या रक्ताचाही एकदा पाहू या. माझ्या वडिलांना ती संधी मिळाली नाही, नातवाला मिळाली.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!