दूरदेशीचे शेजारी
(काष्टी येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



दोन देशांतील नगरे वा प्रांत परस्परांशी भगिनीभावाचे नाते जोडतात. मुंबईचे असे नाते १९६५ साली जपानातील योकोहामाशी व १९६८ साली जर्मनीतील स्टुटगार्टशी जुळले. २०१३ साली महाराष्ट्र राज्याने जपानच्या वाकायामा प्रांताशी पर्यटन व अन्नप्रक्रिया या विषयांत सहकार्याचा करार केला.

करारावर सह्या राज्यकर्त्यांच्या होतात. परंतु सहीने ओळख होत नाही. ओळख व्हावयाची तर दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही असावे लागते. जो केवळ घेतो, त्यास बरोबरीचे नाते लाभत नाही.

वाकायामा संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि आपला श्रीगोंदे तालुका लिंबांसाठी. तेथील एखाद्या मुलाने उद्या पत्रातून विचारले, ‘‘तुमच्या बागेत बहार कसा धरतात?’’ तर झाडाला ताण कसा देतात, पाणी पुन्हा केव्हा सोडतात, हे आपल्या मुलास घरी पाहून ठाऊक असते. काष्टीच्या बाजारात बैलाचे वय दातांवरून कसे ओळखतात, हेही तो जाणतो. मात्र ते चार सरळ वाक्यांत मांडता येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि आपल्याजवळ काहीच नाही असे समजतो.

ही समजूत दूर करणे आपल्या हाती आहे. परदेशच्या पत्राची वाट न पाहता आठवड्यातून एक निबंध गावाविषयी लिहवून घ्यावा. पत्र येईल तेव्हा उत्तर तयार असेल.