चौकटीची नक्षी आणि रंगाचा हात
(काला अंब येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



१४ जानेवारी १७६१ च्या संहाराची स्मृती बाळगणाऱ्या या भूमीवर उभे राहून घराच्या चौकटी आणि नक्षी रंगविण्याविषयी बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु संबंध दूरचा नाही. ज्या आम्रवृक्षावरून या स्थळास 'काला अंब' हे नाव पडले, तो वठल्यावर त्याच्या लाकडाची सुंदर दारे घडविली गेली आणि ती पानिपतच्या संग्रहालयात आहेत, असे सांगतात. एवढ्या शोकाची खूण ठरलेल्या वृक्षाचेही अखेर दारच झाले!

या रणातून वाचलेल्यांत अवघ्या अठरा वर्षांचे नाना फडणवीस होते. त्यांची आई मात्र परतली नाही. त्याच नानांनी पुढे वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी वाडा बांधविला. त्याच्या भिंतींवरील चित्रे आजही पाहावयास मिळतात. सर्वस्व हरविण्याचा अनुभव घेतलेला माणूसही घर उभारताना ते सजवितो. म्हणून घराची सजावट हा विषय क्षुल्लक मानू नये.

आपल्या वाड्यांची शोभा मुख्यत्वे लाकडात आहे. दारावरील गणेशपट्टी, महिरपी, सुरूच्या आकाराचे खांब ही तिची अंगे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ती आजही दिसतात. या कोरीव कामाचे सौंदर्य सावलीत असते. खोलगट भागात सावली पडते, उंचवट्यावर उजेड येतो आणि पाकळी पाकळीसारखी दिसते. दर सणाला तैलरंगाचा एक जाड हात चढवीत गेले की खोबणी बुजतात, कडा बोथट होतात. वीस-पंचवीस वर्षांत कमळाचा गोळा होतो. सुताराने महिनोन्महिने खपून केलेले काम आपण हौसेने पुसून टाकतो.

यावर उपाय कठीण नाही. उत्तम सागवानी नक्षी असेल तर तिला रंग न देता तेलपाणी करून लाकूडच दिसू द्यावे. रंगवावयाचेच असेल तर आधी जुने थर उतरवावेत. मात्र येथे सावधगिरी हवी. जुन्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली निघाले व पुढल्या वर्षी अमलात आले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाऊन मेंदूस अपाय करते. तेव्हा पृष्ठभाग ओला करूनच घासावा, मुलांना व गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि निघालेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

त्यानंतर भेगांत लांबी भरावी; नक्षीच्या खोबणीत मात्र ती जाऊ देऊ नये. अस्तराचा एक पातळ हात, तो वाळल्यावर हलकी घासणी, मग रंगाचे दोन पातळ हात. कुंचला अरुंद घ्यावा, टोकच रंगात बुडवावे. दाराच्या कंगोऱ्यांना प्रथम, मग मधल्या फळीस, शेवटी चौकटीच्या सपाट भागास रंग द्यावा. खोबणीत साचलेला रंग कोरड्या कुंचल्याने लगेच उचलावा. वाळला की ओघळ कायमचा. या प्रांती उन्हाळ्यात लू वाहते आणि पावसाळ्यात हवा दमट होते. लाकूड आकसते, फुगते. जाड थर मग तडकतो. पातळ हात अधिक टिकतात.

आज आपल्यापैकी बहुतेकांची घरे फ्लॅटांत आहेत. तेथे छताच्या कडेला प्लास्टरच्या नक्षीच्या पट्ट्या असतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे. प्लास्टर पूर्ण वाळू द्यावे, रंग पातळ लावावा आणि सोनेरी रंगाचा मोह आवरावा.

पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने घरापासून दूर असलेल्या माणसांस आपलेपणा दिला. गावाकडील वाड्याचे दार ज्यांच्या वाट्यास आले असेल, त्यांनी पुढचा हात देण्यापूर्वी एकदा नखाने कोपरा खरवडून खाली काय दडले आहे ते पाहावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.