जकातदाराच्या घरचें तारण

लूकच्या शुभवर्तमानांत १८ व्या आणि १९ व्या अध्यायांत दोन धनिकांची गांठ पडते. एक सज्जन म्हणून मान्यता पावलेला, दुसरा गांवानें ओंवाळून टाकलेला. पहिला येशूपासून खिन्न होऊन परत जातो. दुसऱ्याच्या घरीं येशू स्वतः उतरतो. शिष्यत्व आणि तारण यांचा परस्परसंबंध काय, हा ख्रिस्ती धर्मविचारांतील जुना प्रश्न या दोन कथा शेजारींशेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे उलगडूं लागतो.

पहिल्याला लूक अधिकारी म्हणतो, मत्तय तरुण म्हणतो, आणि त्यानें धांवत येऊन गुडघे टेकले ही माहिती मार्क देतो. सार्वकालिक जीवन मिळावें म्हणून काय करावें, असें तो विचारतो. त्याचा प्रश्न ढोंगीपणाचा नाहीं. आज्ञा त्यानें बाळपणापासून पाळल्या आहेत, आणि येशूनें त्याच्याकडे न्याहाळून पाहिलें व त्याला त्याच्याविषयीं प्रीति वाटली, असें मार्कनें मुद्दाम नमूद केलें आहे. मागणी मात्र कठोर आहे: सर्वस्व विकून गोरगरिबांस द्यावें आणि मागें यावें. तो मनुष्य निघून जातो. येशू त्याला परत बोलावून अट सैल करीत नाहीं.

पुढें सुईच्या नेढ्याचा व उंटाचा दृष्टान्त येतो. यरुशलेमेंत ‘सुईचें नेढें’ या नांवाचा एक ठेंगणा दरवाजा होता व ओझें उतरविलें म्हणजे उंट त्यांतून जाई, असें पुष्कळ प्रवचनांतून सांगण्यांत येतें. त्या काळीं असा दरवाजा असल्याचा कांहींएक पुरावा नाहीं. धनवानांची सोय पाहणारी ती मागाहूनची कल्पना दिसते. दृष्टान्ताचा रोख अशक्यतेवरच आहे. म्हणूनच, मग तरेल तरी कोण, असें ऐकणारे घाबरून विचारतात. आणि माणसांना जें असाध्य तें देवाला साध्य आहे, असें उत्तर त्यांना मिळतें.

या उत्तराचा प्रत्यय यरीहोंत येतो. यार्देन नदीच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीहून सुमारें २५० मीटर खालीं वसलेलें हें शहर खजुरीच्या बागांनीं संपन्न, शिवाय व्यापाराच्या वाटेवरचें. जकातीला याहून चांगलें ठाणें कोणतें? वसुलीचा मक्ता घ्यावा, ठरलेली रक्कम सरकारांत भरावी, वर जें उकळतां येईल तें आपलें, अशी ती रीत. जक्कय हा या लोकांचा मुख्य. बुटका असल्यामुळें गर्दींत त्याला येशू दिसेना, म्हणून तो झाडावर चढला. मराठी भाषांतरांत तें उंबराचें झाड झालें आहे, आणि तें योग्यच. तिकडील तें झाड आपल्या उंबराचें जवळचें भावंड आहे.

येशू खालून त्याला नांवानें हांक मारतो आणि आज तुझ्याच घरीं मुक्काम, असें कळवितो. लोक कुरकुरतात. येथें क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. जक्कयानें तोंवर एक कवडीहि परत करण्याची भाषा केलेली नव्हती. पाहुण्याचें येणें आधीं ठरतें, यजमानाची तिजोरी मागाहून उघडते: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलें त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्यानें मुद्दल व वर पांचवा हिस्सा दिला म्हणजे पुरे होई. चौपट ही मेंढरूं चोरणाऱ्याची शिक्षा. जक्कय स्वतःला चोरांच्या रांगेंत उभा करतो. मूळ ग्रीकमध्यें त्याचीं क्रियापदें वर्तमानकाळीं आहेत, त्यावरून तो पूर्वीपासूनच असा दानशूर होता, असें कांहीं पंडित म्हणतात. पण मग हरवलेल्याचा शोध घेऊन त्याला तारण्यासाठीं आपण आलों, असें जें येशू शेवटीं म्हणतो, त्याला फारसा अर्थ उरत नाहीं.

मात्र उरलेली अर्धी मालमत्ता जक्कयाकडेच राहिली, आणि येशूनें तिजबद्दल अवाक्षर काढलें नाहीं. लेवीनें जकातीचें नाकें सोडलें. मार्था व मरीया यांना बेथानीचें घर सोडण्यास कोणी सांगितलें नाहीं. कोणाला त्यागाची हांक पुष्कळ उशिरां येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं बाप्तिस्मा घेतला १८९५ सालीं. मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ त्यांनीं स्थापिला तो १९१७ सालीं. मधलीं २२ वर्षें ते तारणावांचून होते, असें कोण म्हणेल?

जक्कयानें पुढें मक्ता सोडला कीं प्रामाणिकपणें चालविला, हें लूक सांगत नाहीं. येशू यरीहोहून निघून यरुशलेमेच्या चढणीला लागला.