छत्री घेण्याआधी आभाळ बघा

(संघाच्या वरणगाव येथील मासिक सभेत एका ताईंनी केलेले बोलणे. ज्या ताईंना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



मागच्या सभेत हिशेब संपल्यावर एका ताईने मला हळूच विचारलं, "केबलचे महिन्याला अडीचशे-तीनशे जातात. ती फुकटवाली छत्री घेऊ का?" मी पटकन "घे" म्हणून मोकळी झाले. घरी गेल्यावर चुटपुट लागली, कारण मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं आज सांगते.

सगळ्यात आधी त्या जुन्या अँटेन्याचं. आपल्यापैकी ज्यांचं लग्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालं त्यांना तो काड्यांचा अँटेना आठवत असेल. एक जण वर चढून फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" काही घरांवर तो अजून गंजत उभा आहे. तो आता कामाचा नाही. जमिनीवरच्या मनोऱ्यांतून येणारं दूरदर्शनचं ते जुनं प्रक्षेपण मोजकी ठिकाणं सोडून २०२२ पर्यंत देशभर बंद झालं. त्यामुळे बाजारात कोणी "अँटेना लावा, फुकट चॅनेल बघा" म्हणून काड्यांचा अँटेना दाखवला तर पैसे देऊ नका.

आपल्या भागात फुकट टीव्ही म्हणजे दूरदर्शनचं 'फ्री डिश'. हे डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव 'डीडी डायरेक्ट प्लस' होतं. छत्री, तिच्या तोंडाशी बसणारी एलएनबी, वायर आणि बॉक्स एवढाच खर्च, साधारण दीड ते दोन हजार, तोही एकदाच. महिन्याचं रिचार्ज नाही, कार्ड नाही. "वर्षाचे एवढे भरा, नाहीतर बंद होईल" असं कोणी सांगितलं तर तो माणूस फ्री डिशचं बोलत नाही, किंवा तुम्हाला फसवतो आहे.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारी २०२० मध्ये मी गटातून अंतर्गत कर्ज काढून छत्री बसवली. एक-दोघी म्हणाल्या, "टीव्हीसाठी कर्ज?" बरोबरच होतं त्यांचं. पण केबल बंद केली की वर्षाच्या आत पैसे वसूल, हा हिशेब मी मांडला आणि गटाला तो पटला. बसवायला आलेल्या माणसाने धाब्याच्या कडेला जिथे सोपं पडलं तिथे छत्री ठोकली, चित्र दाखवलं, पैसे घेतले आणि गेला. चित्र काचेसारखं स्वच्छ.

पुढे टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. घरात मोठा मोबाइल एकच, तो तिच्या बाबांसोबत कामावर. म्हणजे शाळा काय ती टीव्हीवरच. आणि नेमकं तेव्हा चित्राचे तुकडे पडायला लागले. बाई शिकवताहेत, मध्येच तोंड थिजायचं, आवाज जायचा. पोरगी वही घेऊन बसलेली. त्या माणसाला किती फोन केले! एकदाही उचलला नाही.

चूक कुठे होती ते माझ्या जावेने ओळखलं. ती वर जाऊन बघून आली आणि म्हणाली, "अगं, छत्रीसमोर निंब आहे." छत्री बसवली तेव्हा निंबाची पानगळ चालू होती, नुसत्या फांद्या होत्या. पावसाळ्यात तोच निंब गच्च भरला. उपग्रहाकडून येणारी लहर ओल्या पानांतून आत येत नाही. आम्ही दोघींनी पाना घेतला, छत्री सोडली आणि धाब्याच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीला बसवली. अख्खी दुपार गेली, पण दुसऱ्या दिवशी पोरीचा अभ्यास लागला.

म्हणून सांगते, आधी जागा बघा, छत्री नंतर. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्वेला एका जागी थांबलेला आहे. वरणगावातून तो जवळजवळ बरोब्बर आग्नेयेला येतो, बोदवडच्या बाजूला, जरासा पूर्वेकडे. जमिनीपासून उंची सुमारे ५८ अंश, म्हणजे निम्म्या आभाळापेक्षा बराच वर. याचा एक फायदा आहे. छत्रीपासून दहा हात दूर असलेलं घर किंवा झाड छत्रीच्या वर सोळा हात उंच असेल तरच आड येतं. लांबच्या झाडांची काळजी नको, जवळच्या झाडाची करा. आणि ते पुढच्या दोन वर्षांत किती वाढेल तेही मनात धरा. केळीची बाग असो की शेवगा, वाढ कोणासाठी थांबत नाही.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर दिसते, पण पत्र्यावर उभं राहून बघू नका, लोखंडाने काटा भरकटतो. खाली अंगणात बघा.

याहून पक्की खूण सूर्याची. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या थोडं आधी आणि मार्चमध्ये ११ तारखेच्या आसपास सव्वाअकराच्या सुमारास. त्या वेळी धाब्यावर जिथे ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो, जिथे सावली आहे तिथून दिसत नाही. इतकं सोपं आहे. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं. त्याच दिवसांत तेवढ्या वेळेला काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा छत्रीला हात लावू नका, आपोआप परत येतं. मी एकदा उगीच नट सैल करून बसले होते.

बसवताना पाइप ओळंब्यात सरळ हवा. पाइप तिरका असेल तर पुढचं सगळं तिरकं होतं. पत्र्यावर बसवू नका. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात केळी आडव्या होतात, तिथे पत्र्यावरच्या छत्रीचं काय! धाब्याला भोकं पाडली तर पावसाळ्यात घरात पाणी. भिंतीला नाहीतर अंगणात खांब पुरून बसवा. विजेच्या तारेजवळ लोखंडी पाइप उभा करायचा नाही, दोन पैसे वाचवायला सुद्धा नाही.

छत्री दिसायला बरीच उभी असते, पण तिची नजर दिसते त्यापेक्षा वर असते. म्हणून डोळ्याने अंदाज करू नका, बॉक्सच्या पडद्यावर बघा. तिथे दोन पट्ट्या येतात, 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी'. स्ट्रेंथ नुसती वायर जोडली तरी चढते, तिच्यावर भुलू नका. क्वालिटी चढली की समजायचं उपग्रह सापडला. एक जण खाली पट्टी वाचेल, एक जण वर छत्री केसभर केसभर सरकवेल. मग एलएनबी तिच्या पकडीत थोडी डावी-उजवी फिरवून बघायची, नट आवळायचे, आणि आवळल्यावर पुन्हा पट्टी वाचायची, कारण आवळताना छत्री हलते. वायर घरात शिरण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत येणार नाही.

बॉक्स एम्पेग-४ चालणारा मागा. जुन्या एम्पेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. घरावर जुनी छत्री पडलेली असेल आणि ती वाकलेली नसेल तर ती चालते, दिशा तेवढी बदलायची. खर्च निम्म्यावर येतो.

आणि एक खरं सांगून ठेवते, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. सासूबाईंच्या आवडीची मालिका पैशाच्या वाहिनीवर असेल तर ती इथे मिळणार नाही. खासगी वाहिन्या जागा लिलावात घेतात, येतात आणि जातात. २०२२ च्या एप्रिलमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजनाच्या वाहिन्या काढून घेतल्या होत्या, काही नंतर परत आल्या. सह्याद्री, डीडी किसान आणि शाळेच्या अभ्यासाच्या वाहिन्यांचं तसं नाही. त्यामुळे घरात आधी विचारा, मग केबल तोडा. आणि क्वालिटीची पट्टी स्वतः वाचल्याशिवाय, घरातल्या टीव्हीवर सह्याद्री बघितल्याशिवाय बसवणाऱ्याच्या हातात पूर्ण पैसे देऊ नका.

पुढच्या महिन्यात ऑक्टोबर आहे. ज्यांना छत्री घ्यायची आहे त्यांनी पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या थोडं आधी धाब्यावर जाऊन सावली बघून ठेवा. खडूने खूण करा. बसवायच्या दिवशी मला आणि माझ्या जावेला बोलवा. पाना आणि ओळंबा आमच्याकडे आहे, चहा तेवढा तुमचा.